रमाबाईंची भाची

१४ जुलै

मला परदेशी म्हणून कोणी घेईनाच! विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत होतं. दारावरचा शिपाई म्हणाला, "लोकल ॲडमिशन तिकडच्या खिडकीवर, ताई." म्हटलं, मी मॉरिशसची. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असशील. पण रांग तिकडे." शेवटी टांझानियाच्या नीमाने हात धरून मला आत ओढलं. तिला कोणी काहीच विचारलं नाही. पासपोर्ट तपासला तो माझाच, तोही दोनदा!

त्यांची तरी काय चूक? आमचे पूर्वज कोकणातून बोटीने गेले तेव्हा बाकी सगळं मागे राहिलं, नाक तेवढं बरोबर नेलं. ते आम्ही अजून वापरतोय.

१९ जुलै

हॉस्टेल भरलेलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. या वर्षी मी कुठे झोपायचं, ते कोणीच बघेना. शेवटी खोली मिळाली लालबागच्या चाळीत, रमाबाईंकडे. त्या एकट्या. मसाल्याच्या दुकानाला मिरच्यांचे देठ काढून देतात. खोलीत पाऊल टाकलं आणि शिंका सुरू. "होईल सवय," म्हणाल्या.

एक अडचण आहे. चाळीत भाडेकरू ठेवायचा नाही, असा कमिटीचा नियम. सेक्रेटरी रमाकांतकाका तो नियम जिन्यात उभे राहून पाळतात. बॅग घेऊन चढताना त्यांनी अडवलंच. "ही कोण?"

रमाबाईंची पापणी हलली नाही. "भाची. गावची. शिकाक इली हा."

"अस्सं होय," म्हणाले आणि वर बॅग उचलू लागले.

विद्यापीठात खरं सांगून पटत नाही. इथे खोटं सांगितलं, लगेच पटलं!

२० जुलै

रमाबाईंनी बजावलंय— कळलं तर तुझी खोली जाईल, आणि माझी पत. खोली गेली तर मी दुसरीकडे कुठे जाणार? म्हणजे माझं वर्षच जायचं. तेव्हा तोंड सांभाळ, म्हणाल्या. मी हो म्हटलं. तोंड आणि मी, आमचं फारसं कधी पटलेलं नाही.

२ ऑगस्ट

नाहीच सांभाळलं. संध्याकाळी गॅलरीत बायका वाटाणे सोलत बसल्या होत्या. एकीने विचारलं, गावाला घरामागे काय आहे गो तुमच्या? मी आपली मॉरिशसचं घर डोळ्यांपुढे आलं ते बोलून गेले. "ऊस. नजर जाईल तिथवर."

रमाकांतकाका पेपरातून वर आले. "मालवणाक ऊस? कधीपासून?"

"मामान लावल्यान तिच्या. हौशी हा," रमाबाई म्हणाल्या.

"नजर जाईल तिथवर?"

"तेची नजर अधू हा."

आत आल्यावर त्यांनी मला हातातल्या टोपलीनेच मारलं. मग आम्ही दोघी उशीत तोंड खुपसून हसलो.

तेवढ्यावर थांबायचं ना! पण ऊस झाकायला म्हणून मी परत बाहेर जाऊन गणपतीचं काढलं. सांगितलं, आमच्याकडे आजा देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि मला ते सगळं तोंडपाठ आहे. हे मात्र खरंय. रमाकांतकाका खूश. "आजकालच्या पोरींका गाऱ्हाणा म्हणजे काय ता तरी ठावक हा काय?"

८ ऑगस्ट

विद्यापीठात देशोदेशींचा दिवस. आपापल्या देशाचं काहीतरी सादर करा. नीमा नाचली, टाळ्याच टाळ्या. मी नऊवारी नेसून आजाने शिकवलेली ओवी म्हटली. मॅडमचा चेहरा उतरला. "छान, पण हे आपलंच झालं. तुमचं काहीतरी दाखव ना."

आमचंच आहे हो ते!

येताना नीमाबरोबर लालबागमध्ये खरेदी. एकच पिशवी. तिला एक भाव, मला एक. तिची पिशवीही मीच घेतली. भाची असण्याचे हे फायदे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं आणि रमाकांतकाकांनी बाँब टाकला. त्यांचा पुतण्या वैभव, परळला बँकेत. "आपल्यातलाच. आणि पोरगी गावची, शिकलेली, वर गाऱ्हाणा येता. आणि काय व्हया?"

लग्न! माझं! मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, आणि जात्यात मिरच्या दळाव्यात तसं माझं लग्न यांनी दळायला घेतलं.

नाही म्हणायचं तर रमाबाई म्हणतात, काका दुखावले की चौकशी करतील— कुठला मामा, कुठली वाडी. मग सगळंच बाहेर येईल. हो म्हणायचं तर… नाही, ते तर नाहीच.

१७ ऑगस्ट

वैभव आईला घेऊन आला. कांदेपोहे मी केले, मीठ रमाबाईंनीही घातलं. सगळ्यांनी संपवले. आमच्या समाजाची सहनशक्ती दांडगी आहे. वैभवने एकच प्रश्न विचारला. "गावाला रेंज येते का?"

म्हटलं, समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर येते.

त्याची आई माझ्या नाकाकडे बघत राहिली. "अगदी आपल्यातलं," म्हणाली.

२४ ऑगस्ट

आजाला फोन. गणपतीची तयारी विचारली. मूर्ती आणलीय म्हणाला. माझे काका फ्रान्सला, बाबांना सणाला हॉटेलात दुप्पट ड्युटी, आई त्यांच्याबरोबरच. "तुझा कसा चाललाहा ता सांग," म्हणाला. मी लग्नाची गंमत सांगायला लागले तर मध्येच म्हणाला, पैसे जातायत तुझे, ठेव. एरवी मीच ठेव म्हणून ओरडत असते.

२६ ऑगस्ट

रमाकांतकाकांचा घसा बसला! आठवडाभर मंडपवाल्यांवर ओरडत होते, आता आवाजच नाही. उद्या चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं कोण घालणार? त्यांनी माझ्याकडे बोट केलं. कोणीतरी म्हणालं, बायका घालतात का कधी? काकांनी घोगऱ्या आवाजात दटावलं, "ती गावची हा. तिका येता."

आणि जाताना कानाशी येऊन— "वैभवचा मागूक इसरू नको."

चाळीला फसवणं वेगळं. बाप्पापुढे उभं राहून मला नको ते लग्न कसं मागू? रमाबाईंना विचारलं. त्या देठ काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवासमोर खोटा नको बोलू. बाकी मी बघतंय."

२७ ऑगस्ट

लिहितेच, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

आरती संपली. नीमाला मी बोलावलं होतं. तिला येतानाच समजावलं— गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाकडे सगळ्यांसाठी मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय मागणं पुरं होत नाही. घरी हे व्हय म्हणायचं काम माझं. त्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहीत आहे. एकदा लय सापडली की माणसं ऐकत नाहीत, नुसतं व्हय म्हणतात.

हात जोडले. आजाचा आवाज आठवला आणि सुरू केलं.

"बा गणपती देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"चाळीत जी काय पोराटोरा असत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

रमाबाईंचे गुडघे मागितले, रमाकांतकाकांचा घसा मागितला, कोणाच्या मुलाची नोकरी मागितली. चाळ रंगात आली. एकाच श्वासात पुढे गेले—

"आणि ह्या जा चेडू तुझ्यासमोर उभा हा, ता समुद्रापल्याडून इला हा, मॉरिशसचा हा, रमाबायची भाची नाय, भाड्यान रवता, तर तेची परीक्षा होयसर तेका ह्याच खोलयेत सुखान रवाक दी रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्या लग्नाची घाई करणाऱ्यांका वायच सबुरी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—"

तिथे अख्खी चाळ अडकली. मागून नीमा एकटीच, अगदी मनापासून, "व्हय म्हाराजा!"

रमाबाई समईची वात पुढे सारत राहिल्या. वाटलं, झालं, आज रात्रीच बॅग भरायची.

रमाकांतकाकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मी म्हटलंय काय व्हय?"

"सगळ्यांत मोठ्याने," शेजारच्या काकू म्हणाल्या. "घसा बसलेला असून."

काका मूर्तीकडे बघत उभे राहिले. मग प्रसादाचं ताट उचललं. "देवासमोर म्हटला ता म्हटला. आता मागे कोण घेणार?" माझ्या हातावर दोन मोदक ठेवले. "पण उसाचा माका तेव्हाच कळला होता, हां." ते आता सगळेच म्हणतायत.

खोलीत आल्यावर रमाबाईंनी मला जवळ घेतलं. मसाल्याच्या वासाने शिंक आली, म्हणून रडायचं राहिलं.

२८ ऑगस्ट

वैभवच्या आईला मी परदेशी असल्याचं कळलं. आता तिला हे स्थळ जास्तच पसंत आहे!

३० ऑगस्ट

आजाला फोन लावून सगळं सांगितलं. हसून हसून त्याला खोकला आला. मग विचारलंन, "व्हय म्हणाक किती जणा होती?" म्हटलं, अख्खी चाळ. आपल्याकडे कसं झालं गाऱ्हाणं? म्हणाला, "घातलंयच नाय. तू थंय. हय व्हय कोण म्हणतला?"

मी फोनवरच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"थांब गो," आजा म्हणाला. "आदी गाऱ्हाणा तरी घालू दी."