दोन ठप्प्यांचं मत

सौंसर
रविवार, दि. ८ मे १९८३

सौ. प्रमिलास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. अक्षर शोभाचं, बोलणं तुझं. पोरीला सांग, ओळी तिरक्या जातात. खाली रेघांचा कागद ठेवून लिहायचं. वामन माझा भाऊ आहे, मी ओळखते त्याला; त्याचा खोकला जिनिंग मिलच्या धुळीवर ढकलून मोकळे होऊ नका, छातीचा फोटो काढून घ्या. माझं ठीक आहे. पेपर तपासून झाले, निकाल लागला. आठवीत अकरा मुली नापास आहेत आणि त्यांच्या आयांना वाटतं की मी केल्या.

इथलाही नगरपालिकेच्या निवडणुकीचा धिंगाणा एकदाचा संपला. महिनाभर रिक्षावरचे भोंगे वर्गात घुसत होते. मी भागाकार शिकवायचे आणि बाहेरून "भारी बहुमतों से" चालू. शाळेच्या भिंतीवर रातोरात छाप काढले, ते ज्यांनी काढले त्यांनाच बोलावून चुना लावून घेतला. एक जण मत मागायला खोलीवर आला आणि मला "माताजी" म्हणाला. सातवीत दोनदा बसलेला माझाच विद्यार्थी. मी म्हटलं, माझं इथं मत नाही. त्यानं जोडलेले हात तिथंच सोडवले आणि शेजारच्या दाराकडे वळला.

मत नाही म्हणजे खरंच नाही. चौदा वर्षं या गावात राहते. नाव यादीत चढवायला तहसिलीत तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाबूनं रजिस्टर उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. "बहनजी, आपका नाम पांढुर्णा में चढ़ा है, दादाराव की बेटी करके. वहीं डालिए, यहाँ क्यों परेशान हो रही हैं?" म्हणून मी मत द्यायला तिकडे, तुमच्या पांढुर्ण्याला आले. माझं घर कोणतं, हे त्या यादीला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता तुझ्या पत्राकडे येते.

तू लिहितेस: "बाई, आपले दोनशे एकतीस अन् नत्थूजीचेबी दोनशे एकतीस. चिठ्ठी टाकली, थे त्याईची निघाली. एक मत असं होतं का दोन्ही छापावर ठप्पे. शिडीवरचा ठप्पा तं असा नेमका बसला होता म्हन्ते! सारा वार्ड देवकाबाईले बोलून राहिला. नळावर तिचा पान्याचा गुंड मागं सारतात. बुढी आता पहाटंच विहिरीवर जाते. मीबी बोलली तिले दोन शब्द. काय करू, मनच जळून राहिलं."

देवकाबाईचंच नाव का आलं, ते मला ठाऊक आहे. त्याला माझी शिकवणीच कारण. मतदानाच्या आधीच्या रविवारी तुझ्या अंगणात मी वॉर्डातल्या बायांना बसवलं, बटाटा कापून ठप्पा केला, कागदावर तुझी शिडी आणि नत्थूजीची छत्री काढली आणि एकेकीकडून सराव करून घेतला. एकच ठप्पा, चौकटीच्या आत. दोन पडले की मत बाद. देवकाबाईनं दोन मारले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "दोघंबी आपलेच लेकरं व्हय ना वं बाई, एकाले देल्लं तं दुसरा रुसन." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. तिचा हात धरून चार वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी तिनं एकटीनं केलं, बरोबर केलं, आणि बटाटा माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता मरेपर्यंत नाही विसरत."

ती विसरली नाही, प्रमिला. तिला बोलू नकोस.

हे एवढं लिहून पत्र बंद करावं असं दोन दिवस वाटत होतं. शाळेत एखादी मुलगी अर्धं उत्तर लिहून पान उलटते, तेव्हा मी तिला पूर्ण शून्य देते.

तुझा फॉर्म मी भरला. तू सही करताना "प्रमिला" मधला "मि" दोनदा गिरवलास. सभेचं भाषण मी लिहिलं, चार पानं, तीन वेळा खोडून. नळ, नाल्या, दिवाबत्ती, मुलींची शाळा, सगळं क्रमानं. तू माझी पानं घेऊन उभी राहिलीस, एकदा त्यांच्याकडे पाहिलंस, घडी केलीस आणि पदराखाली धरलीस. "आमच्या बाईनं लय चांगलं भाषन लिहून देल्लं, पन मले वाचता येऊन नाही राहिलं. मी आपली नळाचंच सांगतो. सकाळी चार वाजता गुंड घेऊन उभी राहतो अन् पानी येते का? येते! नत्थूजीच्या मोहल्ल्यात येते!" लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. म्हाताऱ्या रडल्या. मी मागं, पानठेल्यापाशी उभी होते. माझ्या चार पानांतलं एकही वाक्य तुला लागलं नाही.

त्याच वॉर्डात, प्रमिला, मी बी.ए. होऊन नागपूरहून आले तेव्हा बाबांनी स्टेशनपासून घरापर्यंत मला मधोमध चालवलं होतं. त्यांचे रेल्वेच्या गँगमधले सोबती दोन्ही बाजूंनी. माणसं ओट्यावर येऊन पाहत होती. "दादारावची पोरगी एक दिवस खुर्चीवर बसन," असं तेव्हा म्हणायचे. मी बसले. शाळेच्या खुर्चीवर, परगावात, भाड्याच्या खोलीत. आणि तू सातवी शिकून त्या घरात आलीस. तुला अर्ज लिहायला मी शिकवलं, बँकेत पैसे भरायला मी शिकवलं. यंदा वॉर्डातली माणसं घरी आली तेव्हा मीही सुट्टीवर तिथंच होते. चहा मी केला. मला वाटलं, मला विचारायला आलेत. नोकरीत आहे म्हणून उभी राहता येत नाही, हे उत्तरही मी मनात तयार ठेवलं होतं. नाही म्हणायची तरी पाळी यायला हवी होती. माझ्या हातून कप घेतले आणि म्हणाले, "प्रमिलाबाईले बोलवा."

मतदानाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बायांची रांग शाळेच्या नळापर्यंत गेली होती. पाऊण तास मी मागं उभी होते. मग पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अवं, याईले पुढं जाऊ द्या! प्रमिलाबाईच्या ननंदबाई आहेत ह्या!" रांग बाजूला झाली. नव्या पोरींनी वाकून पाहिलं. दादारावची बी.ए. झालेली मुलगी त्या रांगेत कोणालाच आठवत नव्हती. आत टेबलावरचा मुलगाही तेच म्हणाला, "या या, प्रमिलाबाईच्या ननंदबाई," आणि बोटाला शाई लावली.

पडद्यामागे गेले. शिडीवर ठप्पा मारला. चौकटीच्या आत, नेमका. मला दुसरं येत नाही.

कागद घडी घालायला घेतला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी बोललं, "आता आपली प्रमिलाबाईच येते, पाह्य," आणि बाया हसल्या, आनंदानं. माझा हात परत शाईच्या गादीवर गेला. मी छत्रीवरही ठप्पा मारला.

मी दोन्ही ठप्पे पाहिले, शाई वाळू दिली, घडी घातली आणि पेटीत टाकलं. नत्थूजी यावा असं मला वाटत नव्हतं. तू माझ्यावाचून निवडून यावीस, एवढंच वाटत होतं. एका मतानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांना मी वर्गात उभं करते.

बाबा बावन्न साली मत द्यायला गेले तेव्हा धुतलेलं धोतर नेसून, उपाशी गेले होते. परत आल्यावर आईनं विचारलं, कोणाले देल्लं? तर म्हणाले, "थे सांगत नसतात. पन देल्लं." त्यांच्या नावानं यादीत राहिलेलं मत मी असं दिलं. पाच वर्षं त्या वॉर्डाच्या नळाला पाणी आलं नाही तर ते माझ्यामुळे.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. पहाटे विहिरीवर जाणारी ती बाई सत्तरीची आहे. हे पत्र नळावर वाच. शोभाला वाचायला लावू नकोस, तिनं आत्यासाठी एवढी मोठी शिक्षा घेऊ नये. तू वाच. देवकाबाईला समोर बसव, तिचा गुंड पहिला लाव, आणि मग वाच. आडवळणाचं काही नाही यात, तुला वाचता येईल.

नाहीच आलं, तर कागदाची घडी करून पदराखाली धर आणि तुझ्या शब्दांत सांग. तुझं बोललेलं लोकांना कळतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सुट्टीत मी येईन की नाही, ते तू आणि देवकाबाईनं ठरवावं. तोवर इथंच आहे.

प्रमिलाबाईची नणंद,
शकुंतला