ह्यांच्या आधीचा घास

५ जाने., सोम.
आज माझा डबा ऑफिसातून भरलेलाच परत आणला. हे शनिवारपासून बोलत न्हाईत, घरात जेवत न्हाईत. कारण काय, तर पिंपळगावहून आक्काचा फोन आल्ता अन् मी स्वयंपाकघरात जोरात हसले. "दोघी बहिणी माझ्यावर हसून राह्यल्या का?" बस, तेव्हापासून तोंड बंद. ताट वाढलं की उठतात, चपला घालून बाहेर.

नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचं न्हाई, हे सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या शिकवलं. त्या गेल्या, सवय राह्यली. ऑफिसातपण घास उतरत न्हाई. ह्यांला हे बराबर माहीत आहे. ऑफिसात सांगितलं, सोमवार धरलाय.

६ जाने., मंगळ. अंगारकी
आज खरा उपास. खोटं बोलायची गरज न्हाई. शेजारच्या टेबलावरच्या शोभाताईनं भगर अन् शेंगदाण्याची आमटी आणली. "सोमवार तुझा, मंगळवार तुझा, गुरुवार तुझा. देवाला एखाद्या दिवशी सुट्टी दे की गं!" हेडक्लार्क मोठे बाबू म्हणले, "मॅडम, तुमचं पुण्य लई जमा झालं. थोडं आमच्याकडं वळतं करा." सगळे हसले, मीपण. फराळ म्हणजे काही जेवण न्हाई, दोन वाट्या खाल्ल्या. अजून पाहिजे होती, लाज वाटली.

चंद्र उगवला, नैवेद्य झाला. हे आलेच न्हाईत ताटावर. उपास सुटला न्हाई.

८ जाने., गुरु.
बोलले! "भाजीत मीठ कमी आहे." जेवलेपण. मी ओट्याकडं तोंड करून रडले, आनंदानं. येडीच आहे मी.

संध्याकाळी जिलेबी घेऊन आले. शेजारच्या काकू दारातच होत्या. "नशीबवान आहेस बाई. ना दारू, ना हात उचलणं." खरंच आहे की. मंग मला रात्रंदिवस धडधड काहून होते?

१३ जाने., मंगळ. भोगी
भोगीची भाजी, तीळ लावून बाजरीच्या भाकरी, लोणी. लई मनापासून केलं. वाढता वाढता बोलून गेले, "संक्रांतीला आक्काकडं एक दिवस जाऊन येऊ का?" ताट सरकवलं, उठले. परत तेच.

दुपारी शोभाताईच्या फोनवरून आईला लावला. माझा फोन हे रोज बघतात. "मारतात का?" न्हाई. "पितात का?" न्हाई. "मंग काय गं?" म्हणलं, बोलत न्हाईत. आई म्हणली, तूच माफी माग. मागितली. कशाबद्दल, देव जाणे.

१६ जाने., शुक्र.
काकूंकडं हळदीकुंकू. उखाणा घ्यायलाच लावला. घरात हे तोंड उघडत न्हाईत अन् मी तिथं बायकांत लाजून ह्यांचं नाव घेतलं. टाळ्या. घरी येऊन तिळगूळ पुढं धरला. पेपरचं पान उलटलं फक्त. हात दुखेपर्यंत धरला होता. इतकं एकटं तर मी परगावी हॉस्टेलला असतानापण वाटलं न्हाई.

१९ जाने., सोम.
भाजी घ्यायला स्टँडकडं गेल्ते. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं आवाज दिला. "वैनी, कधी आल्या?"
"कुठून?"
"साहेब म्हणले तुम्ही माहेरी गेल्यात. रोज संध्याकाळी इथंच जेवून राह्यले ना. काल शेवभाजी संपली तं नाराज झाले. सांगा त्यांला, आज बाजूला काढून ठेवतो."

रोज. शेवभाजी. अन् मी इकडं पाणी पिऊन झोपते, ह्यांच्या पोटात काही न्हाई म्हणून. आक्काकडं एक दिवस जाऊ दिलं न्हाई अन् गावभर सांगितलं की मी माहेरी आहे! भाजी न घेताच आले.

२० जाने., मंगळ.
ऑफिसात चक्कर आली. शोभाताईनं गूळ-पाणी पाजलं. "आज कोणता उपास?" म्हणली, अन् मी सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदा, कोणालातरी.

तिनं नवऱ्याला सोडलं त्याला लई वर्षं झाली. म्हणली, "माझा मारायचा गं. वळ दिसायचे. गल्ली जमायची, लोक मधात पडायचे. तुझ्यासाठी कोण जमंल? तुला उपाशी ठेवलं अन् आम्ही तुला भगर आणून देत होतो." तिच्याच डोळ्यात पाणी. "छळ आहे हा. साधासुधा न्हाई."

छळ. मला वाटायचं, तो शब्द जाळलेल्या, मारलेल्या बायकांसाठी असतो. आपला तं नुसता अबोला.

तिनं पोळीचा तुकडा पुढं केला. मी म्हणले, "हे जेवले नसतील तर?" सवयच अशी. "अगं बयो!" म्हणून ओरडली ती, सगळं ऑफिस बघायला लागलं.

२२ जाने., गुरु.
आज सहा वाजता वांग्याची भाजी, भाकरी केली. हे बाहेर निघायच्या बेतात होते. मी त्यांच्यासमोर एकच ताट घेतलं, माझं. बसले. पहिला घास लई मोठा घेतला गेला, ठसका लागला.

"मी जेवलो न्हाई अजून."
भोगीपासून पहिला शब्द. मी म्हणले, "वाढू का?"

माझ्या आईला फोन लावला त्यांनी, स्पीकरवर. "तुमची लेक नवऱ्याच्या आधी जेवून राह्यली. हेच शिकवलं का?" आई म्हणली, "तिला फोन द्या."

दिला न्हाई. कट केला. चपला काढून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलेत. आज हॉटेलातपण गेले न्हाईत. टीव्ही बंद.

मी भाकरी संपवली, अजून एक घेतली. आई मला रागावणार होती का अजून काही म्हणणार होती, कळायला मार्ग न्हाई. उद्या शोभाताईच्या फोनवरून लावते.