उजवा गाल शिल्लक आहे

ती. आई,

पाया पडते, पण परत येणार नाही, हे आधीच सांगते.

जेवण वेळेवर होतंय, काळजी नको. काल शवविच्छेदनाच्या तासाला, देहदान केलेल्या एका आजींच्या डाव्या गालातली, चेहरा हलवणारी नस माझ्या हातून तुटली. सर म्हणाले, "मेंदू नि नसा शिकणं तुझं काम नाही. घरी जा."

मी म्हटलं, "उजवा गाल शिल्लक आहे, सर."

तीन तासांनी तिथल्या नसेचे पाचही फाटे न तुटता मोकळे झाले. मग सरांनीच सगळ्यांना बघायला बोलावलं.

बाबांचं तोंड अजून वाकडंच आहे का? चहा ओघळतो?

आत्या म्हणते ना, मढी चिरणारीला सून कोण करून घेईल? तिला सांग, तिच्या भावाचं हसू ज्या नसेनं नेलं, ती मला आता डोळे मिटूनही सापडते.

तुझी,
हट्टी लेक