भगत सरांपुढचा १

जाम गाव. मतदानाचा दिवस, संध्याकाळ.

समुद्रपूरला शिक्षक मतदारसंघाचं मत देऊन आले. केंद्रावरच्या जांभळ्या पेनानं आमच्या शाळेतल्या भगत सरांपुढे पहिल्या पसंतीचा १ लिहिला. खरोखर निवडून याव्यात असं वाटतं, त्या बाईंपुढे २. सर पडणार हे सगळ्यांना माहीत. प्रचारात स्वतःच सांगायचे, "मॅडम, मले एक द्या. मी बाद झालो का तुमचं मत दोन नंबरले जाते, वाया नाई जात." असं मत मागणारा उमेदवार कुठे असतो?

पद्धत चांगलीच. माया एकाला दाखवता येते, हिशेब दुसऱ्यासाठी ठेवता येतो. पण पहिला टिकला तर दुसरा आकडा कुणी बघतसुद्धा नाही, हे खटकतं.

एसटीतून उतरले तर सर चहाच्या टपरीवर. विचारलं, स्वतःला एकच ना? लाजले.

"तो जांभळा पेन हातात घेतला अन् सोताले एक लिवाची शरमच वाटली. बाईले एक देल्ला, मले दोन."

म्हणजे बाई शेवटपर्यंत टिकणार, आणि सरांचं मत सरांपर्यंत पोचणारच नाही! काय माणूस आहे हा?

मी रागवणार होते. जमलं नाही. मोजणीत त्यांच्या गठ्ठ्यात निदान एक कागद तरी निघेल. त्यावरचा जांभळा १ माझा.