दोन माणसांच्या घराला शोभेल असं पिल्लू

नमो बुद्धाय

नवीन जालना,
१४ नोव्हेंबर १९७५

प्रिय मालन हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पोळ्याला तू आष्टीला गेलीस तेव्हा महिनाभरात येते म्हणाली होतीस. दिवाळी होऊन गेली. मी हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झाले असले तरी रजा वाढवायची तर आधी कळवावं लागतं, हे माझ्याच शाळेत जन्मभर शिवणकाम शिकवलेल्या बाईला सांगायची वेळ यावी, याचं आश्चर्य वाटतं.

गोजरवहिनींच्या लकव्याचं मला कळतं. अर्धं अंग गेलेल्या माणसाला टाकून ये, असं म्हणायला मी राक्षसीण नाही. पण त्यांना नवरा आहे, हातापायांनी धड असा मुलगा आहे. तुझ्या भावाला, बद्रीनाथरावांना, माझ्या वतीने विचार की बायकोला पाणी पाजायला बहीणच कशी लागते?

इकडे आपला तांब्याचा बंब चोरीला गेला. भरदुपारी, परसातून, तोटीसकट. मी आत वाचत पडले होते. घरमालकीण उषाबाई लगेच सांगत आली की कुत्रं पाळा, ओळखीत एक पांढरं, केसाळ पिल्लू आहे. पाठोपाठ गल्लीतल्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी एकेक पिल्लू तयार असल्याचं निघालं. जणू माझं घर म्हणजे अनाथाश्रम.

लहानपणी तुला कुत्रं चावलं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, म्हणून इतकी वर्षं आपण कुत्रं आणलं नाही. अजून रस्त्यात एखादं झोपलेलं दिसलं तरी तू माझ्या डाव्या अंगाची उजव्या अंगाला येतेस. कुत्रं आणि तू एका घरात राहू शकत नाही, हे तुझंच म्हणणं. तेव्हा येण्याची तारीख कळव. नाहीतर मी कुत्रं आणते.

लोभ आहे, तो गृहीत धरला जाऊ नये, ही विनंती.

तुझी,
सत्यशीला


॥ श्री ॥

आष्टी,
२३ नोव्हेंबर १९७५

ती. बाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बंबाचं वाचून वाईट वाटलं. थंडी पडायला लागली आहे. तापवल्याशिवाय पाणी घेऊ नका. पितळी पातेलं माळ्यावर उजव्या हाताला आहे. स्वतः चढू नका, कुणाला तरी सांगा.

वहिनींचं बोलणं अजून नीट नाही. पाणी म्हटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून रखमाजी लोटा घेऊन धावतो, आणि आईला सांगायचं असतं की पाठीखालची उशी काढ. मग त्या रडतात. दादा बिचारे अंगणात जाऊन उभे राहतात. मला मात्र त्यांचं कळतं. कसं ते मलाही सांगता यायचं नाही. शाळेत पहिलीच्या मुली तोंडात सुई-दोरा धरून बोलायच्या, त्याची सवय असेल.

तुमचं पत्र वहिनींना वाचून दाखवलं. अर्ध्या तोंडाने हसल्या. त्यांचं म्हणणं, मास्तरीण असून कुत्र्याला भेऊन राह्यली, मंग पोरी कशा हाकल्या असतील हिनं?

बाई, कुत्रं खुशाल आणा. माझी अडचण समजू नका. पण पारखून आणा. उषाबाईंच्या ओळखीतलं ते पांढरं, केसाळ जातीचं आणू नका. तुमच्या पांढऱ्या पातळावर एक केस दिसला तरी तुम्ही दिवसभर बोलाल. स्टेशनच्या आवारातलं फार लहानपणी आईवेगळं झालेलं असतं, ते जन्मभर भुकेलं राहतं. आणि रात्रभर भुंकणारं तर नकोच. तुमची झोप पातळ आहे.

तारखेचं पुढच्या पत्री लिहीन.

तब्येतीला जपावं. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
मालन


नमो बुद्धाय

नवीन जालना,
२ डिसेंबर १९७५

मालन हिस,
जयभीम वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पातेल्याची जागा आहे, केसाची काळजी आहे, माझ्या झोपेची चौकशी आहे. फक्त तारीख नाही. निबंधाचा विषय सोडून बाकी सगळं सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या मुलीला मी किती गुण देत असे, ते तुला आठवत असेल.

कुत्रं खुशाल आणा, म्हणे. परवानगी मागितली होती कुणी? मी तारीख मागितली होती.

तू नको म्हणालीस म्हणूनच मी ते पांढरं पिल्लू बघायला गेले. रिटायर स्टेशनमास्तरांचं घर. त्यांची बायको नंदाबाई मोठी चिकित्सक निघाली. पिल्लू देण्याआधी तिने माझीच मुलाखत घेतली. अंगण आहे का, दूध कोण आणतं, गावाला गेलात तर बघणार कोण. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीसुद्धा मला प्रवेश देताना इतकं विचारलं नव्हतं, आणि आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी होते. शेवटी तिने विचारलं की घरात माणसं किती. मी म्हणाले, दोन.

विचार करून नाही म्हणाले. तोंडातून गेलं. त्यावर ती बाई बराबर म्हणाली की मग दुसऱ्या माणसालाही आणा. पिल्लू एकाच्या पसंतीने नेऊ नये. एकाला आवडतं, दुसऱ्याला सोसत नाही, आणि हाल मुक्या जिवाचे होतात. मी चहा तसाच ठेवून उठले.

तू शिवणाच्या मुलींना सांगायचीस, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. तसं आहे हे. मला पुन्हा कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते स्पष्ट लिही. एक की दोन? उशी, पातेलं, दादा, वहिनी काही नको. आकडा हवा.

परवा दोन कप चहा केला. एक ओतून दिला. साखर महाग आहे, म्हणून सांगते. दुसरं काही नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते उत्तर आल्यावर ठरवीन.

सत्यशीला


॥ श्री ॥

आष्टी,
२१ डिसेंबर १९७५

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा करावी. लिहायला बसत होते आणि उठत होते. म्हणून आधी दुसरं लिहिते.

रखमाजीच्या शेतावर गोठ्यात कुत्री व्याली होती. पिल्लं आता चांगली भाकरी खातात. मी रोज संध्याकाळी, वहिनींना भरवून झालं की, तिथे जाऊन बसत होते. पहिल्यांदा बांधावर बसले. मग बैलगाडीपाशी. मग गोठ्याच्या दारात. अंगाला घाम सुटायचा. रखमाजी घरी जाऊन नकला करायचा आणि वहिनी हसायच्या, तेवढाच त्यांना फायदा.

इकडे पिल्लू पारखायची रीत म्हणजे मानगुटीला धरून उचलायचं. केकाटलं नाही ते राखणीला चांगलं. कुणी नखं मोजतात. मला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून मी माझी रीत काढली. मी तुमच्यासारखी रागावले. अगदी तुमच्या आवाजात, वर्गात गोंधळ झाला की तुम्ही दारात उभ्या राहून सुरू करायच्या तसं. गडी भिवा कडबा टाकून बघत राहिला. मास्तरीणबाईला वारं लागलं का म्हणून तो रखमाजीला विचारून आल्ता.

दोन पिल्लं गाडीखाली पळाली ती आलीच नाहीत. एक उलट गुरगुरलं. तुमच्या घरात दोघं गुरगुरणारी नकोत. एक नुसतं शेपूट हलवत राहिलं, त्याचा तुम्हाला आठवड्यात कंटाळा आला असता. आणि एक तांबूस आहे, ते दाराआड गेलं, थोडं थांबलं, आणि आपणहून परत येऊन बसलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ते माझ्या पायावर डोकं टेकून निजलं. मी हलले नाही, बाई. अंधार पडेपर्यंत हलले नाही.

तुमच्या घराला असंच लागतं. मी राहिले आहे म्हणून सांगते.

ती मादी आहे. गावात मादी कुणी नेत नाही. भिवा तिला ओढ्यापलीकडे सोडून येणार होता. मुलगी म्हणून कुणी टाकलेलं तुमच्याच्याने बघवायचं नाही, हेही मला ठाऊक आहे. भिवा परतूरहून गाडीने जालन्याला बियाण्यासाठी येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते.

आता आकडा. वहिनी बऱ्या होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. मी निघाले की त्या मुक्या होतील. म्हणून तुम्हाला कुणी विचारलं तर, बाई, एक सांगा.

रागवा. पण रागावून झाल्यावर एक पत्र टाका.

आपलीच,
मालन


नमो बुद्धाय

नवीन जालना,
४ जानेवारी १९७६

प्रिय मालन हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं कुत्रं पोचलं. भिवाच्या धोतरावर त्याचा प्रवासखर्च दिसत होता. भिवाने दुरडी ओसरीवर ठेवली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. तू माझी नक्कल कशी केलीस ते त्याला मूळ प्रतीशी ताडून पाहायचं असावं. मी त्याची निराशा केली नाही.

ही परत घेऊन जा, असं त्याला सांगून टाकलं होतं. दुसऱ्याच्या घरातली माणसं मोजून, उत्तर लिहून, वर कुत्रं पाठवून मोकळी होणारी तू कोण? भिवा बिलकुल हलला नाही. तो चहा पिऊन राह्यला होता. त्याचं म्हणणं, मालनबाई हिला फडक्यात बांधायला स्वतः हातात घेऊन बसल्या होत्या, डोळे गच्च मिटून. आता ही वापस नेली तर त्या माउलीला काय तोंड दाखवू?

मग मी भिवाला बियाण्याच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

ती माझ्या चपलेचा अंगठा खाते. रागावले की दाराआड जाते. मग येते. तू खरं लिहिलंस.

आल्या दिवशी ती सगळ्या घरात हुंगत हिंडली आणि तुझ्या खोलीत शिरून तुझ्या ट्रंकेपाशी निजली. दुरडीत तू तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला होतास. तिला वाटतं, तू इथेच राहतेस, जरा बाहेर गेली आहेस. हा तिचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

गोजरवहिनींना सोडून ये, असं मी आता लिहिणार नाही. ज्याचं बोलणं एकाच माणसाला कळतं त्याची स्थिती काय असते, याची कल्पना मला या पोळ्यापासून आली आहे. त्यांना माझा नमस्कार सांग. तुझं उत्तर मात्र मी नापास केलं आहे. माझ्या घरात माणसं किती, ते मी सांगेन. काल नंदाबाई बाजारात भेटली तेव्हा सांगितलंही.

तुला वर्षाकाठी चार दिवस तरी सुटतील. पाडव्याला सुटोत, नाहीतर आखाजीला. तेव्हा कुत्री मोठी झालेली असेल आणि तुला रात्री झोप लागणार नाही. म्हणून सुताराला बोलावून तुझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. कडी इतकी खाली कशाला, वर ठोकतो, म्हणून तो हुज्जत घालत होता. मी त्याला बजावलं की वरच्या कडीला माझा हात पोचतो, जिची खोली आहे तिचा पोचत नाही.

कडीला तेल दिलं आहे. लोभही तसाच आहे.

तुझी,
सत्यशीला