गाडीचा भाग आणि माझा हक्क

आधी आला तो गाडीच्या कंपनीचा साहेब, मागून त्यांची वकीलबाई. तीन वर्षं मी ज्यांच्याकडे खेटे घातले, ते आज माझ्या दारात! आनंदाच्या भरात चहात साखर दोनदा पडली. दोघं समोर बसलेत, तोवरच माझं मृत्युपत्र लिहून टाकते.

मी, वय एक्याऐंशी, शाळा तिसरीपर्यंत, डोकं ठिकाणावर. कोणी धाक घातलेला नाही, घालून बघावा.

घर दोन्ही मुलांना सारखं. थोरल्याने मागच्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत गाडीसाठी भंगारवाला आणला होता, ते मी विसरलेले नाही, तरी सारखंच. शिलाईचं मशीन धाकट्या सुनेला. सुया मोडते, पण टाका सरळ घालते.

आमच्या ह्यांची गाडी नातीला. घरात गॅरेजचं काम तीच शिकली. गाडीचा ब्रेकचा पंप गेला, तर कंपनी म्हणे, तो आता मिळत नाही, नवी गाडी घ्या. दुरुस्तीचं पुस्तक मागितलं, तर ते म्हणे बाहेरच्यांना देत नाही. मग मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘माझा भाग मला द्या.’ सहा महिन्यांनी उत्तर आलं, ‘आमच्या कंपनीत आपला कोणताही भाग नाही.’ मेल्यांना वाटलं, म्हातारी वाटणी मागतेय! ग्राहक न्यायालयात ते वाचलं तेव्हा न्यायाधीशबाई फायलीआड हसल्या. हुकूम झाला: पंपही द्या, पुस्तकही द्या.

त्यालाही वर्ष झालं. उशीर का, ते आज कळलं. साहेब नातीला हळूच विचारत होता, “तक्रार आजींच्याच नावावर आहे ना? वय काय त्यांचं?”

मी म्हटलं, “अरे, म्हातारी आहे, बहिरी नाही!”

म्हणून हे कलम ठळक अक्षरात. गाडीबरोबर माझी तक्रार, तो हुकूम आणि भाग व माहिती मागायचा सगळा हक्क नातीला देत आहे. मी गेले तर तिने माझ्या जागी उभं राहावं.

एवढं मोठ्याने वाचलं आणि वकीलबाईंना विचारलं, “असं लिहिता येतं का हो?”

“येतं, आजी,” त्या म्हणाल्या. साहेबाने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाई चहात बघायला लागल्या. मग त्याने तारीख बघायला डायरी उघडली.

सही: माझी, पूर्ण नावाची. अंगठा नाही.
साक्षीदार: शेजारचे शिंपी, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या.
ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. मंगळवार, तारीख चौदा.

ता. क. पंप आणि पुस्तक घेऊन साहेब परवा, गुरुवारी सकाळी दहाला येतो म्हणालाय. वार त्याच्याच हाताने खाली लिहून घेतला आहे.