बेनिग्नाकाकूची पाळी

डेन्व्हर, २० मे

सेलेदोनियो,

आईला माझा नमस्कार सांग. तुझ्यासाठी या पत्रात गोड काही नाही. मी बरी आहे. लाँड्रीत उकडतं, एवढंच.

पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या पाटकरी एउफेमियोकाकांचं पत्र आलं. शेतकऱ्यांच्या संताला, सान इसिद्रोला, खांद्यावर घेऊन गाव पाटाच्या कडेने निघालं. शेताशेताला आशीर्वाद मागत बेनिग्नाकाकूच्या बांधावर पोचलं, तर पाट कोरडा! पाळी तिची आणि पाणी आपल्या मक्यात. संतासकट सगळं गाव बघतंय, आणि तू फावडं घेऊन, सरीसरीत पाणी वळवत खुशाल दारं धरतोयस. लाज कशी वाटली नाही तुला?

वर काय म्हणालास? "ताईनेच सांगितलंय, तिच्या वाट्याचं पाणी घेतोय." मी कधी सांगितलं रे? माझा वाटा आपल्या पाळीत आहे, त्या विधवेच्या पाळीत नाही. नदी आटली की सगळ्यांनी सारखंच कमी घ्यायचं, हे बाबांनी मरेपर्यंत सांगितलं तुला.

आईचा खोकला थांबला का? तिला यातलं काही कळू देऊ नकोस. मिरवणुकीत ती नव्हती ना?

माझं नाव तू वापरलंस, आता मी वापरते. काकांना आजच कळवलंय, की यंदा माझ्या वाट्याचं पाणी बेनिग्नाकाकूला द्या. म्हणजे आपल्या मक्याला अर्धीच पाळी. काकूचे गुडघे दुखतात, तेव्हा दर शनिवारी तिच्या शेतात दारं धरायला तूच जायचंस.

अजून तरी तुझी बहीण,
एलोइसा